तीनशे चोवीस जागा: संत्रा बागेत एनएफसी टॅग लावण्याच्या नोंदी

वरुड तालुका, जिल्हा अमरावती. तीन एकर नागपुरी संत्रा, जंबेरीच्या खुंटावरची कलमं, अंतर वीस बाय वीस फूट. १८ ओळी, दर ओळीत १८ जागा, एकूण ३२४. आजच्या तारखेला त्यात ११ नांगे, म्हणजे झाड गेलेल्या रिकाम्या जागा.

२७ एप्रिल

ओळ ११ मधलं पाचवं झाड आज मुळासकट काढलं. मार्चमध्येच ते पूर्ण वाळलं होतं, पण बाबा ‘पालवी फुटंन’ म्हणत थांबले होते. शेवटी सालदारभाऊ आणि मी मिळून काढलं. बुंध्याची साल मातीखाली वीतभर कुजलेली, चारही बाजूंनी. डिंक्या, म्हणजे बुरशीने साल कुजते आणि डिंक गळतो तो रोग.

हे झाड माझ्या हातून गेलं. गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पावसाआधीची मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट मी एकट्याने लावली. या झाडाच्या बुंध्यावर वरून काहीच दिसत नव्हतं, म्हणून मी इतर झाडांसारखाच ब्रश फिरवला आणि पुढे गेलो. बाबा आज म्हणाले, “त्याची साल मी आदल्या साली खरवडली होती, लेका. तिथं माती बाजूला करून पाहा लागत होतं.” त्यांना ते माहीत होतं. मला नव्हतं.

बागेचा सगळा इतिहास बाबांच्या डोक्यात आहे. कोणत्या झाडाला कधी डिंक आला, कोणाची साल कुठवर खरवडली, कोणत्या जागी दुसऱ्यांदा कलम लावलं. फक्त त्यांच्या खुणा वेगळ्या: ‘विहिरीकडून तिसऱ्या ओळीतलं वाकडं’, ‘वीज पडली होती त्याच्या बाजूचं’. मी दोन वर्षं वही ठेवली होती. संध्याकाळी ती उघडून पाहिली तर ११-५ ची खरवडल्याची नोंद ११-६ च्या नावावर सापडली. झाडं मोजताना मी कधी नांगा धरला, कधी सोडला. एका नांग्याने अख्खी ओळ एका घराने सरकली होती.

म्हणून ठरवलं की नोंद झाडापाशीच लटकली पाहिजे. तिथेच उभं राहून वाचता यावी आणि तिथेच तिच्यात भर घालता यावी.

क्यूआर कोडचा विचार केला. त्यातही मजकूर बसतो, पण एकदा छापला की छापला, त्यात पुढची नोंद जोडता येत नाही. इंटरनेटवरची नोंद जोडावी म्हटलं तर आमच्या वावरात विहिरीच्या धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय नेटवर्क लागत नाही. आणि पेस्टचा एक शिंतोडा पडला की कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही. एनएफसी टॅग म्हणजे फोन टेकवला की वाचता येणारी, लिहिताही येणारी चिपची चकती. त्याला बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि त्यावर चिखल बसला तरी चालतो.

३० एप्रिल

आधी फोन. माझ्या फोनमध्ये एनएफसी आहे, सेटिंगमध्ये ‘कनेक्शन’ खाली सापडलं. घरातल्या बाकी तीन फोनमध्ये नाही, सालदारभाऊंच्या फोनमध्येही नाही. दहा-बारा हजारांच्या आतल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतंच. हे आधी पाहून घ्यायला हवं, टॅग मागवल्यावर नाही.

काम कसं चालतं ते बाबांना सांगायचं म्हणून स्वतः नीट समजून घेतलं. टॅगमध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बारीक गुंडाळी असते आणि मध्ये तिळाएवढी चिप. फोनच्या पाठीमागेही तशीच एक गुंडाळी. फोन १३.५६ मेगाहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र सोडतो, टॅगची गुंडाळी त्यातूनच वीज उचलते, चिप जागी होते आणि आपल्याजवळचा मजकूर परत पाठवते. चार सेंटिमीटरच्या आतलं काम. प्रत्यक्षात दीड-दोन सेंटिमीटर धरून चालावं.

फोनची गुंडाळी नेमकी कुठे आहे हे प्रत्येकाने आपापलं शोधावं. माझ्या फोनमध्ये ती कॅमेऱ्याच्या थोडी खाली आहे. बँकेचं कार्ड टेबलावर ठेवून फोन त्यावरून हळूहळू सरकवला आणि जिथे फोन थरथरला तिथे कव्हरवर पेनने फुली मारली. बागेत उभ्याने काम करताना ही फुली फार उपयोगी पडणार आहे.

६ मे

टॅग आले. साठ गोल स्टिकर, २५ मिलिमीटरचे. मागवले होते एनटॅग २१५, ज्यात ५०४ बाइट मजकूर बसतो. एनएफसी टूल्स ॲप उघडून पहिला टॅग टेकवला तर ॲपने दाखवलं एनटॅग २१३, १४४ बाइट. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे तेच. दुकानदाराशी फोनवर बोललो. बदलून द्यायला तयार आहे, पण दोन आठवडे लागतील म्हणतो. पेस्टचे दिवस तेवढे थांबणार नाहीत. फरकाचे पैसे परत घेऊन हेच ठेवले.

पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नये, ॲपमध्ये ‘रीड’ करून चिपचं नाव आणि जागा पाहावी. दोन सेकंदांचं काम आहे. तिथेच टॅगचा सात बाइटचा अनुक्रमांकही दिसतो. तो कारखान्यातूनच येतो, आपल्याला बदलता येत नाही. एनएक्सपी कंपनीच्या चिपांचा क्रमांक ०४ ने सुरू होतो.

७ मे

आजचा पूर्ण दिवस बाइट मोजण्यात गेला, पण या कामाचा कणा मला आजच कळला असं वाटतं.

सकाळी खाटेवर बसून पहिला मजकूर लिहिला: ‘ओळ ७ झाड १२, डिंक्या, मागच्या वर्षी साल खरवडून बोर्डो पेस्ट लावली’. एका ओळीची नोंद. ॲप म्हणालं, जागा अपुरी. मला पटेना. एवढ्याशा वाक्याला १४४ बाइट पुरत नाहीत?

मग कागद घेतला. फोन मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने साठवतो. त्यात इंग्रजी अक्षर, आकडा, स्वल्पविराम, मोकळी जागा यांना एकेक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे. ‘डिंक्या’ हा शब्द बाबा दोन अक्षरांत म्हणतात, फोन त्याचे सात तुकडे मोजतो: ड, वेलांटी, अनुस्वार, क, हलन्त, य, काना. साती तीन एकवीस. माझं ते एक वाक्य १६९ बाइटांचं निघालं.

टॅगवर पूर्ण १४४ सुद्धा आपले नसतात. मजकूर कुठे सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या भाषेत आहे, कुठे संपतो, हे सांगायला दहा बाइट जातात. एनडेफ नावाची ती ठरलेली मांडणी आहे, त्यामुळेच एका ॲपने लिहिलेला टॅग दुसऱ्या ॲपला वाचता येतो. उरले १३४. म्हणजे निव्वळ देवनागरीची ४४ चिन्हं.

सोपा रस्ता रोमन लिपीचा होता. ‘डिंक्या’ रोमनमध्ये लिहिला की सहा बाइटांत बसतो. दुपारी तसे दोन टॅग लिहूनही पाहिले आणि बाबांच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, फोन परत दिला. काही बोलले नाहीत. बाबा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पेपर रोज वाचतात, इंग्रजी येत नाही. ज्यांच्या डोक्यातून हा इतिहास उतरवायचा त्यांनाच तो वाचता येणार नसेल, तर मी पुन्हा माझ्यापुरतीच वही करतोय.

रोमनमधले दोन्ही टॅग पुसले.

८ मे

तोडगा निघाला, आणि तो बाबांचाच. जिनिंगमध्ये कापसाच्या गाडीवर खडूने एकेक अक्षर लिहायचे, तसं लिही म्हणाले.

खुणा ठरवल्या. ड म्हणजे डिंक्या, साल खरवडली. ब म्हणजे बोर्डो पेस्ट. क म्हणजे कोळशी, पानांवर चढणारी काळी बुरशी. न म्हणजे नवीन कलम. म म्हणजे मेलं. अक्षर मराठी, त्यापुढे एक मोकळी जागा, आणि महिना-वर्ष इंग्रजी आकड्यांत. इथे मी देवनागरी आकडे लिहितोय, टॅगवर ते इंग्रजी आहेत. आकडे बाबांना दोन्ही वाचता येतात.

असा दिसतो:

७-१२
ड ०६२३
ब १०२३
ब ०५२४

‘ड ०६२३’ ला आठ बाइट, ओळ बदलायला एक. नऊ. पहिल्या ओळीतला जागेचा नंबर धरूनही एका टॅगवर १४ नोंदी बसतात. पावसाआधी एक आणि पावसानंतर एक पेस्ट, म्हणजे बिनआजाराच्या झाडाला सात वर्षं पुरतात. चिप दहा वर्षं मजकूर धरून ठेवते आणि लाखभर वेळा लिहिता येते, असं तिच्या माहितीपत्रकात आहे. चिपआधी जागाच संपेल. तेव्हा जुन्या ब पुसायच्या, ड एकही पुसायचा नाही, हेही आजच ठरवून टाकलं.

एक सावधगिरी. मराठी कीबोर्डवरून आकडा दाबला की देवनागरी आकडा उमटतो आणि तोही तीन बाइटांचा. चार आकड्यांमागे आठ बाइट फुकट. आकड्यांसाठी कीबोर्ड बदलायची सवय लावावी लागली.

११ मे

टॅग झाडाला लावायचा कसा?

स्टिकर सरळ सालीवर चिकटवून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पडलेला. संत्र्याची साल खरबरीत, त्यात हे ऊन. पत्र्याच्या खिळ्याने ठोकावा म्हणून हातोडी उचलली तर बाबा मागून ओरडले, “खिळा ठोकू नोको! त्याच भोकातून डिंक्या घुसते.” बरोबरच आहे. बुरशी जखमेतून आत जाते आणि आपण तिच्यासाठीच टॅग लावतोय. तारेने बांधला तर खोड जाड होत जातं तशी तार सालीत रुतते. ठिबकच्या लॅटरलवर लावावा, तर लॅटरल दरवर्षी गुंडाळतो आणि परत पसरवतो, पुन्हा तीच सरकण्याची गत.

शेवटी हे जमलं: पीव्हीसी पाइपाचा चार बोटं लांब तुकडा उभा चिरून गरम पाण्यात सपाट केला, त्यावर स्टिकर, वरून दोन भाग मिसळून लावायच्या एपॉक्सीचा थर, एका टोकाला भोक. भोकातून सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी ओवून पहिल्या फांदीला सैल गाठ. ट्यूब ताणते, फांदीला काच पडत नाही. उत्तर बाजूला, पानांच्या सावलीत, छातीच्या उंचीवर. वाकावं लागलं तर दोनशे झाडांनंतर माणूस वाचायचं सोडून देतो.

स्टिकर दुमडू नये. सपाट न केलेल्या पाइपाच्या गोलाईवर एक दाबून बसवला होता, त्याची गुंडाळी तुटली असावी. परत कधी वाचला गेला नाही. ५९ उरले.

१४ मे

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला एक टॅग लावावा, मोटार कधी भरून आणली ते त्यावर लिहावं, अशी इच्छा होती. पेटी लोखंडी पत्र्याची. टॅग चिकटवला आणि फोन टेकवला तर शांतता. तोच टॅग हातात घेतला की लगेच वाचतो. धातूवर फोनचं क्षेत्र पत्र्यातच चक्कर मारून विझतं, टॅगच्या गुंडाळीला काही मिळत नाही. मागे फेराइटचा थर असलेले धातूवरचे टॅग वेगळे मिळतात, महाग असतात. बोटभर जाड लाकडाची चकती मध्ये ठेवली तर जेमतेम वाचतो. ते काम सोडून दिलं. बागेत धातू नाही, हे आपलं भाग्य.

बाबांनी विचारलं, गाईच्या कानातला पिवळा बिल्ला यानं वाचता येते का? टेकवून पाहिला त्यांच्या समाधानासाठी. त्यात चिप नसते, फक्त बारा आकडी नंबर आणि त्याचा बारकोड छापलेला असतो. जनावरांच्या ज्या बिल्ल्यांत चिप असते त्या १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात, आपल्या फोनला त्या ऐकूच येत नाहीत.

१७ ते २० मे

चार दिवस, सकाळी सहा ते साडेनऊ. त्यानंतर उन्हात पडदा दिसत नाही आणि फोन तापून मंद होतो.

आम्ही तिघं. पुढे बाबा, मागे माझी पोरगी फोन घेऊन, मी टॅगच्या पाट्यांची पिशवी आणि वही घेऊन. पोरगी यंदा सातवीत जाईल. टॅग वाचायला फोनचा पडदा चालू आणि कुलूप उघडं लागतं, म्हणून तिने पडदा बंद व्हायची वेळ दहा मिनिटांवर नेली. हे मला सुचलं नव्हतं.

बाबा झाडापाशी उकिडवे बसतात. आधी हाताने माती बाजूला सारतात, बुंधा वीतभर उघडा करतात. मग अंगठ्याने साल दाबत पूर्ण गोल फिरतात. जिथे साल दबते तिथे विळ्याच्या मुठीने ठोकतात आणि कान जवळ नेतात. चांगल्या सालीचा आवाज भरीव, कुजलेलीचा पोकळ. मी सुद्धा ठोकून पाहिलं. सात-आठ झाडांनंतर फरक कळायला लागला. इतकी वर्षं बाबांच्या मागे फिरलो, हे कधी शिकलो नाही, कारण ते कधी थांबून दाखवत नसत आणि मी विचारत नसे. आता प्रत्येक झाडाशी थांबावंच लागतं.

“आबा, याचं काय लिहू?”

“याले दोनदा लागला. एक तुह्या बापाचं लग्न झालं त्या साली, ते सोड. दुसरा एकवीसचा पावसाळा.”

“महिना?”

बाबा थोडं थांबतात. “पोळ्याच्या आधी. आठवा लिही.”

पोरगी अक्षर, आकडे भरते, ‘राइट’ दाबते, फुलीची जागा टॅगवर टेकवते. थरथर झाली की मोजून दोन श्वास थांबते, मग उचलते. हे थांबणं महत्त्वाचं आहे. पहिल्या दिवशी तिने दोनदा घाईने फोन उचलला आणि मजकूर अर्धवट राहिला, टॅग रिकामा दिसू लागला. चिप खराब होत नाही, पुन्हा लिहिलं की होतं. पण आपण लिहिलं समजून पुढे निघून गेलो असतो तर? तेव्हापासून लिहिलं की लगेच परत वाचायचं आणि मोठ्याने म्हणायचं. ती म्हणते, बाबा ऐकून मान हलवतात, मी वहीत उतरवतो. वहीतला नंबर आता टॅगवरून येतो, माझ्या मोजणीतून नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतःच तसं बोलायला लागले. बुंध्यावरून हात न काढता: “ड. सहावा. तेवीस.”

डिंक्याचा इतिहास असलेली ३८ झाडं निघाली. माझ्या जुन्या वहीत १९ होती.

३८ झाडं आणि ११ नांगे मिळून ४९ टॅग लागले. नांग्यांनाही टॅग लावायचा आग्रह माझा. जमिनीत बांबूची काडी रोवून तिला बांधले. मोजणी चुकली होती ती नांग्यांपाशीच.

२१ मे

चूक झाली. कोणी टॅगवरचं पुसू नये म्हणून ॲपच्या ‘अदर’ भागातला कुलूप लावायचा पर्याय मी तीन टॅगवर वापरला. मला वाटलं पासवर्ड मागेल. तो पर्याय पासवर्डचा नाहीच. त्याने टॅग कायमचा फक्त वाचण्यापुरता होतो. चिपमधले ते बिट एकदा चढले की उतरत नाहीत, कोणत्याही ॲपने नाही. पासवर्डचा पर्याय वेगळा, त्याच यादीत खाली आहे.

नशिबाने बाकी ४६ वर हात गेला नव्हता. ते तीन काढून शिल्लक दहातले तीन नवीन लिहून लावले. सात उरले.

पासवर्डही लावणार नाही असं ठरवलं. बागेत येऊन आमच्या झाडाची नोंद पुसावी असं कोणाच्या मनात यायचं कारण नाही, आणि दहा वर्षांनी पासवर्ड आठवला नाही तर पोरीला अडचण. प्रत रोज वहीत आहे, ती पुरे.

२४ मे

भाचा नागपूरहून आला, त्याच्याकडे आयफोन. टॅगला टेकवला तर काहीच झालं नाही. आयफोन एक्सएसपासून पुढचे फोन ॲप न उघडता टॅग वाचतात, पण त्यात लिंक, फोन नंबर असलं काही असेल तरच. नुसता मजकूर असेल तर गप्प राहतात. ॲप टाकून वाचलं तर वाचता येतं. आमच्या अँड्रॉइडवर ॲपशिवायही मजकूर उघडतो. मुलांना हे दाखवायला त्याच्या फोनवर ॲप टाकलं आणि संध्याकाळी चार पोरं बागेत टॅग वाचत फिरली.

२६ मे

पेस्टचा दिवस. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र. बाबांनी विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहिलं. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला समजायचं. चढलं नाही.

या वेळी आधी टॅग वाचायचा, मग ब्रश. ड असेल तिथे माती सारून, ठोकून, लागेल तिथे खरवडून, त्यावर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा लेप देऊन दुसऱ्या दिवशी पेस्ट. ३८ पैकी ९ झाडांना मातीखाली नवा डिंक सापडला. वरून नऊच्या नऊ चांगली दिसत होती.

सालदारभाऊंनी रास्त प्रश्न विचारला: “दादा, फोन तुमच्यापाशी. तुम्ही नसान तं मले कसं समजन?” त्यांच्यासाठी ड असलेल्या प्रत्येक झाडाला टॅगच्या वर लाल चिंधी बांधली. दुरून दिसायला चिंधी, जवळून वाचायला टॅग. दोन्ही हवेत.

टॅगवर निळे शिंतोडे भरपूर उडाले. वाळल्यावर वाचून पाहिले, सगळे वाचतात.

९ जून

वानरांनी सहा टॅग तोडले. एपॉक्सी उन्हात चमकतं, तेवढं त्यांना पुरलं. चार खाली गवतात सापडले, दोन गेले. सापडलेले चारही टेकवल्याबरोबर आपापल्या जागेचा नंबर बोलले, कोणता कुठला हा प्रश्नच आला नाही. गेलेल्या दोघांचा मजकूर वहीतून शिलकीच्या सातपैकी दोनवर उतरवला. पाच उरले. आता सगळ्या पाट्यांवर ट्यूबचाच एक तुकडा चिकटवून झाकलं. काळं, मळकं दिसतं. रबरातून वाचायला काही अडत नाही.

२ जुलै

चार दिवसांच्या झडीनंतर फेरी. ४९ पैकी ४८ वाचले. ओल्या टॅगला फोन अगदी टेकवावा लागतो, एरवी बोटभर अंतर चालायचं. जो वाचला नाही त्यात एपॉक्सीच्या कडेने पाणी शिरलं होतं. शिलकीतला एक लावला. पुढच्या खेपेला कडाही बुडवून काढायच्या.

१९ जुलै

११-५ च्या जागी नवीन कलम लावलं. खड्डा एप्रिलपासून उघडा होता, मे महिन्याचं पूर्ण ऊन त्याने खाल्लं. शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून भरला. या वेळी जंबेरी नाही, रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं घेतलं, डिंक्याला ते जास्त तग धरतं. कलमाचा डोळा मातीच्या वर नीट चार बोटं राहील असं बाबांनी स्वतः बसवलं.

काडीवरचा टॅग पोरीने वाचला.

११-५
ड ०६२३
ब ०५२४
म ०३२५

तिने विचारलं, “आबा, झाड नवीन आहे. जुनं पुसायचं का?”

मीही क्षणभर तसाच विचार केला होता. तिसरी ओळ वाचली की मला गेल्या वर्षीचा माझा ब्रश दिसतो. बाबांनी हातातली माती झटकली.

“राहू दे. माती तं तेच हाय. बुरशी तिथंच राह्यते. पुढच्या मे मंधी इथं पहिले माती सारून पाहा लागते, मंग ब्रश.”

पोरीने खाली एक ओळ जोडली, ‘न ०७२५’. फोन टेकवला, थांबली, उचलून परत वाचला आणि पाचही ओळी मोठ्याने म्हटल्या. मी वहीत उतरवल्या. वहीच्या वर ‘झाड क्रमांक’ असं लिहिलेलं होतं, ते खोडून ‘जागा क्रमांक’ केलं. टॅग ट्यूबच्या पट्टीने कलमाच्या बांबूला बांधला.

उरलेल्या २७५ जागांसाठी टॅग मागवायचे आहेत. २१३ च चालतील. शिलकीतले चार धरून, तोडफोडीसाठी थोडे जास्त, ३०० सांगितले.